अडॅप्टरला लावलेलं चंदन

"मलर, विझलेला सिग्नल लालच समजायचा असतो. दिवा दिसत नाही म्हणजे लाईन मोकळी, असं समजणाऱ्याला आमच्याकडे रेल्वेत ठेवत नसत. तुझा हा डबा बंद पडला तर काय दाखवतो?"

माझ्या वडिलांनी, म्हणजे चेंगलपट्टू जंक्शनच्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी, हे विचारलं तेव्हा मी स्टुलावर चढून त्यांच्या ओसरीच्या खांबाला कॅमेरा बसवत होते आणि माझ्या तोंडात स्क्रू होते. त्या स्क्रूंच्या फटीतून मी म्हणाले, "अप्पा, ही रेल्वे नाहीये." त्यांनी मान हलवली आणि वेताच्या खुर्चीत जाऊन पेपर उघडला. वाद हरलेला माणूस पेपर उघडतो तसा नव्हे; पुढची गाडी कुठे अडकणार आहे हे ज्याला ठाऊक आहे तो उघडतो तसा.

कॅमेऱ्याच्या मागे एक तह होता. अम्मा गेल्यापासून अप्पा त्या घरात एकटे. त्यांना साखर आहे, तोल जातो आणि कुणाचं ऐकायचं नाही असा नियम आहे. मी म्हणत होते, क्रोमपेटला शहरात आमच्याकडे चला. ते म्हणत होते, तिथून गाड्यांचा आवाज बरोबर येत नाही. शेवटी ठरलं: त्यांनी रोज सकाळी कॅमेऱ्यासमोर खुर्चीत बसायचं, मी क्रोमपेटहून बघायचं. आणि एकदा जरी पडले-झडले, तरी सामान बांधून थेट आमच्याकडे. "कबूल?" "कबूल." चेंगलपट्टू आमच्यापासून लोकलने तासाभरावर आहे, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही मला विचारणार नाही.

कॅमेऱ्याची चित्रं जमा व्हायची ती आमच्या घरच्या सर्व्हरवर. सर्व्हर म्हटल्यावर डोळ्यांसमोर काही भव्य आणू नका. माझ्या नवऱ्याचा, कदिरचा, पडदा फुटलेला जुना लॅपटॉप चपलांच्या कपाटावर पालथा पडलेला असे, तोच. कदिर कंपनीच्या कामाला जर्मनीत गेला आणि जाताना एक बाळ, एक आई आणि एक सर्व्हर माझ्या हवाली करून गेला. तिघांबद्दलच्या सूचनांपैकी सर्वांत लांब सर्व्हरबद्दलच्या होत्या. स्वयंपाकघरातल्या फळीवर मी एक टॅबलेट टेकवून ठेवला होता. त्यात तीन चौकोन: निलाचा पाळणा, घराचं दार आणि अप्पा. सांबार ढवळता ढवळता मी तिघांवर नजर ठेवत असे. आमची निला नुकती रांगायला लागली होती, त्यामुळे पाळण्याचा चौकोन बहुतेक वेळ रिकामाच असे. पण रिकाम्या पाळण्यावरही नजर ठेवायला हवी, असं माझं मत होतं.

मग सप्टेंबरातल्या एका गडगडाटी संध्याकाळी वीज कडाडली आणि सर्व्हरचं नेटवर्कच्या केबलचं तोंड तेवढं मेलं. बाकी सगळं जिवंत.

"काही नाही गं," कदिर फोनवर म्हणाला, "यूएसबीला लावायचा एक नेटवर्क अडॅप्टर आण. अंगठ्याएवढा असतो. एका बाजूने यूएसबी, दुसऱ्या बाजूने केबल. फक्त चांगला बघून घे."

हे 'फक्त चांगला बघून घे' कुणी म्हणालं की मी सावध होते. लग्नाच्या वेळी माझ्याबद्दलही कदिरच्या घरात एवढीच सूचना दिली गेली होती म्हणे.

मी रसायनशास्त्रात एमएस्सी आहे. न वाचता काही विकत घेत नाही. म्हणून घरी सर्व्हर बाळगणाऱ्यांच्या एका ऑनलाइन मंचावर मी प्रश्न टाकला: घरच्या सर्व्हरसाठी भरवशाचा यूएसबी नेटवर्क अडॅप्टर कोणता? उत्तरं वाचून मला कळलं की जगात एवढ्याशा वस्तूवरून माणसं एकमेकांची अक्कल काढू शकतात. पहिला म्हणाला, कंपनी बघू नका, आतली चिप बघा. दुसरा म्हणाला, ती चिप तापते. तिसरा म्हणाला, तापत नाही, तुझं घर तापतं. चौथ्याने लिहिलं की एकाच नावाच्या, एकाच रंगाच्या खोक्यात कंपन्या गुपचूप चिप बदलतात, तेव्हा खोक्यावर विश्वास ठेवू नका. आणि एक जण फक्त एवढंच लिहून निघून गेला: 'सर्व्हरला यूएसबी अडॅप्टर? देव तुमचं भलं करो.'

"आलाच ना देव शेवटी," माझ्या सासूबाई म्हणाल्या. त्यांना आम्ही अत्तै म्हणतो. त्यांना इंग्रजी वाचता येत नाही असं मी बरीच वर्षं समजत होते.

निलाला पोटाशी बांधून मी रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेले. एवढ्याशा गल्लीत जगातली सगळी वायर भरून ठेवलेली. दुकानदाराला मी चिपचं नाव सांगितलं. त्याने माझ्याकडे, मग निलाकडे पाहिलं आणि निलाकडूनच काही समजूतदार उत्तर मिळेल अशा आशेने तिला विचारलं, "काय म्हणतेय गं अम्मा?"

"आत कोणती चिप आहे ते सांगा."

"मॅडम, इडली घेताना आत कोणता तांदूळ आहे विचारता का?"

"विचारते."

इथे तो थोडा खचला. पण सावरून म्हणाला, "हा घेऊन जा. चालेल. न चालायला झालंय काय?"

झालं असं की तो चालला, पण तापेपर्यंत. दुपार झाली की अडॅप्टरवरचा हिरवा दिवा पिवळा होई, मग डोळे मिटी, आणि अप्पा अर्धा घोट कॉफी पिऊन कप हवेत धरून थांबत. मी तो उपटून पुन्हा लावला की ते उरलेला घोट पीत. मंचावर सल्ला मिळाला: धातूवर ठेवा, उष्णता ओढली जाते. घरात धातू म्हणजे कॉफीचा स्टीलचा डबरा, पेल्याखालची ती खोलगट वाटी. मी पाणी भरलेल्या डबऱ्यावर स्टीलचं झाकण पालथं घालून त्यावर अडॅप्टर ठेवला आणि समोर टेबलफॅन लावला. उकाड्यात निला घामाघूम आणि अडॅप्टर वाऱ्यावर, हे बघून अत्तैंनी कदिरला फोन लावून विचारलं, "तुझी बायको कुणाला वारा घालतेय, जरा विचार."

याच सुमारास वरदराजन मामा आले. मामा दुसऱ्या मजल्यावर राहतात, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेत आणि आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच माणसात एकत्र याव्यात हे सोसायटीचं प्राक्तन. त्यांनी डबरा, पंखा आणि अडॅप्टर यांची पाहणी केली, हात मागे बांधून.

"अर्थिंग," ते म्हणाले.

"मामा, तापतोय तो."

"अर्थिंग नसेल तर माणूससुद्धा तापतो. आणि ही केबल? ही डक्टमधून कुठे गेलीय?"

केबल हॉलमधल्या राउटरपर्यंत जात होती, पण सरळ भिंतीतून जाण्याऐवजी कदिरने ती खिडकीबाहेरून डक्टमधून वळवली होती. डक्ट ही सामाईक जागा. सामाईक जागेत केबल न्यायची तर कमिटीचा ठराव हवा. कमिटीची सभा नवरात्रानंतर. तोपर्यंत केबल बेकायदा. मामांनी मला तसं रीतसर पत्र दिलं, मग बसून माझ्याच हातची कॉफी प्यायले, आणि जाताना म्हणाले, "ठराव मीच मांडीन, काळजी करू नकोस. विरोधही मलाच करावा लागेल, नियम म्हणून."

सभेआधीच बातमी फुटली. जिन्यात भेटेल तो मला अडॅप्टरविषयी विचारू लागला. कुणी म्हणे वायफाय का नाही, कुणी म्हणे सगळं विकून टाक आणि वडिलांना घेऊन ये. तळमजल्यावरच्या बाईंनी तर आस्थेने विचारलं, "तुझ्या त्या अडॅप्टरला आता ताप कसा आहे?" मी एमएस्सीला विद्यापीठात तिसरी आले होते. या इमारतीत मला कुणी त्याबद्दल कधी विचारलेलं नाही.

दुसरा अडॅप्टर मी ऑनलाइन मागवला. खोकं तेच, चिप वेगळी. तो परत केला. तिसरा आला तेव्हा राहुकाळ चालू होता म्हणून अत्तैंनी खोकं उघडू दिलं नाही. मी दीड तास त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या. उघडला, लावला, आत डोकावले. चिप हवी होती तीच! दिवा हिरवा. दुपारी हिरवा, संध्याकाळी हिरवा. सकाळी उठून आधी निलाकडे बघावं की अडॅप्टरकडे, असा क्षणभर प्रश्न पडला. बघितलं मी निलाकडेच, पण प्रश्न पडला हे खरं. टॅबलेटमध्ये अप्पा कॉफी पीत होते, पूर्ण कप, न अडकता. मी मंचावर विजयाची बातमी लिहिली. देव भलं करो म्हणणाऱ्याने अंगठा वर केला.

आणि आयुधपूजा आली.

आमच्याकडे त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं, पुस्तकं, यंत्रं धुऊनपुसून देवासमोर मांडतात, चंदन-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी विजयादशमीला उचलेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. वर्षभर राबतात बिचारी, एक दिवस विश्रांती. विळीपासून शिलाईयंत्रापर्यंत सगळं मांडलं गेलं. मग अत्तै चपलांच्या कपाटापाशी येऊन उभ्या राहिल्या.

"हाही राबतो की वर्षभर."

"अत्तै, तो बंद नाही करायचा. अप्पा दिसणार नाहीत."

"बंद कोण करतंय? देवाजवळ तर बसू दे. चपलांवर ठेवलाय लक्ष्मीला."

बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी सर्व्हर चालू स्थितीत, केबलसकट, नवरात्रात आमच्याकडे पायऱ्यांवर मांडतात त्या बाहुल्यांच्या सर्वांत खालच्या पायरीवर, वाण्याच्या दुकानात बसलेल्या मातीच्या चेट्टियार जोडप्याच्या शेजारी विराजमान झाला. दर्शनाला आलेल्या बायका त्याच्यासमोर थबकून विचारत, "ही बाहुली नवीन का?" अत्तैंनी सर्व्हरला चंदन लावलं, केबलला लावलं, आणि नव्या अडॅप्टरला, तो सर्वांत लहान म्हणून, जरा जास्त मायेने लावलं. मग टॅबलेटकडे वळल्या. "तुझ्या अप्पांच्या तोंडावर नको," असं म्हणून त्यांनी विचारपूर्वक वरच्या कोपऱ्यात ठसठशीत गंध लावलं. त्या कोपऱ्यात वेळ दिसायची. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं, पण तेव्हा मी चण्याच्या उसळीला फोडणी देत होते.

त्या दिवशी अप्पांनी मला फार समाधान दिलं. एरवी मिनिटभर स्वस्थ न बसणारा माणूस खुर्चीत शांत बसून पेपर वाचत होता. कुंपणाच्या भिंतीवर एक कावळा. मी भात लावताना पाहिलं, वाचतायत. पायसम ढवळताना पाहिलं, वाचतायत. येणाऱ्याजाणाऱ्या बायकांना मी कौतुकाने दाखवलंही, "हे बघा माझे अप्पा. किती स्वच्छ दिसतात ना? अडॅप्टर नीट निवडला की असं."

जेवणं झाल्यावर अत्तै विडा लावत टॅबलेटपुढे उभ्या राहिल्या. बराच वेळ.

"मलर, तुझ्या अप्पांनी जेवण केलं का गं? सकाळपासून एकाच पानावर आहेत."

मी पाहिलं. पेपर तसाच. बोटं तशीच. मी श्वास रोखून पाहत राहिले. ते माझ्यापेक्षा जास्त वेळ रोखून होते. फोन लावला. वाजला, वाजला, वाजून थांबला. पुन्हा लावला. अप्पा स्टेशनमास्तर होते. वाजणारा फोन न उचलणं त्यांच्या रक्तात नाही. मी ओरडले असणार, कारण वरदराजन मामा लुंगी सावरत जिना उतरून आले.

"मामा, अप्पा हलत नाहीत हो!"

मामांनी चष्मा लावला. त्या माणसाचा चेहरा मी प्रथमच गंभीर झालेला पाहिला. अत्तैंनी कावळ्याकडे बघून हात जोडले आणि देवीचं नाव घ्यायला सुरुवात केली. मामा पुटपुटले, "कावळा वाट बघत बसलाय बघ." मग थोड्या वेळाने, जरा वेगळ्या आवाजात, "पण कावळाही हलत नाही."

"दोघं एकदम कसे जातील?" अत्तैंनी जप थांबवून विचारलं.

तेवढ्यात निला माझ्या कडेवरून वाकली आणि कोपऱ्यातलं चंदन चाटू लागली. मी झडप घालून तिचं तोंड पुसलं, मग टॅबलेट पुसला, आणि गंधाखालून वेळ बाहेर आली. सकाळची होती. पूजेच्या वेळेची. शेजारच्या चौकोनात दारही सकाळपासून बंदच होतं, आणि बायका दिवसभर त्यातूनच येत-जात होत्या.

मी बाहुल्यांच्या खालच्या पायरीपाशी धावले. अडॅप्टरचा दिवा विझलेला होता. चंदन ओघळून यूएसबीच्या फटीत शिरलं होतं आणि आत वाळत बसलं होतं. चेट्टियारीण हसत होती.

"अर्थिंग नाही हे," मामा कबूल झाल्यासारखे म्हणाले.

"देवाच्या चंदनाने काही बिघडत नाही," अत्तै म्हणाल्या. आणि मग त्यांनीच मी ऐकायला घाबरत होते ते विचारलं. "म्हणजे हे सकाळचे अप्पा. आत्ताचे कुठायत?"

विझलेला सिग्नल. मी दिवसभर त्याच्याखालून गाड्या सोडत होते, तेही कौतुकाने.

मामांच्या गाडीला हार घातलेले होते, चाकांखाली लिंबं ठेवलेली होती आणि ती चिरडायचा मुहूर्त संध्याकाळचा होता. त्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "देवीला मी नंतर समजावतो. बस." अत्तै चण्याच्या उसळीचा डबा घेऊन मागे बसल्या. लिंबं फुटली ती कसलाही मंत्र न म्हणता. वाटेत निला आरशाला लटकलेल्या हाराची झेंडूची फुलं तोडून खिडकीबाहेर टाकत होती, आणि रोज तिला 'नको' म्हणणारी मी तिला एक शब्द बोलले नाही.

अप्पांच्या घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ओसरीतली खुर्ची रिकामी. देवघरात सरस्वतीच्या तसबिरीपुढे जुनी शिट्टी, हिरवा आणि लाल बावटा, चष्म्याचं घर, आणि कपाळभर कुंकू लावलेला फोन. फोन विश्रांती घेत होता. माझे सगळे फोन त्याने पाटावर गुरगुरून सरस्वतीलाच ऐकवले असणार.

"अप्पा!"

"मागे आहे," मागच्या अंगणातून आवाज आला. "हळू ये, ओलं आहे."

ते विहिरीजवळ स्टुलावर बसले होते. एका हातात शेजारच्या कनगा अक्कांनी पाठवलेला गूळ-तुपात थबथबलेला गोड पोंगल, आणि डावा पाय मिठाच्या गरम पाण्याच्या बादलीत. त्यांनी आधी वाटी लपवली. मग पाय लपवायला गेले, पण पाय बादलीत असताना तो कुठे लपवणार? घोटा चांगला वांग्याएवढा सुजलेला होता आणि सूज आजची नव्हती, निळी पडून पिवळी व्हायला आली होती.

"कधी?" मी विचारलं.

"काय कधी?"

"अप्पा."

"मागच्या आठवड्यात. विहिरीच्या पायरीवर शेवाळ होतं. पडलो असं म्हणता येणार नाही, बसलो. जरा जोरात बसलो."

"मी रोज बघत होते तुम्हाला!"

"बघत होतीस ना? मग? रोज वेळेवर ड्युटीवर हजर होतो की नाही?" त्यांनी मिशीतल्या मिशीत हसत माझ्याकडे पाहिलं. "तुझा कॅमेरा गुडघ्याच्या वरपर्यंत दाखवतो. मी मोजून बघितलंय."

जगातला सर्वांत भरवशाचा अडॅप्टर मी निवडला होता. त्याने एक थेंबही न सांडता, एकही क्षण न चुकवता, अप्पांनी दाखवायचं ठरवलेलं सगळं मला आणून दिलं होतं.

अत्तैंनी पोंगलची वाटी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि तिथे चण्याची उसळ ठेवली. "आमच्या पोरीचा जीव जायची वेळ आली होती," त्या कडाडल्या, "आणि इथे पाय शेकत गोड खाणं चाललंय! फोन तरी उचलायचा."

"आयुधपूजेला?" अप्पा खरोखर चकित झाले. "मला वाटलं, हिनेही तिचा डबा देवापुढे ठेवला असेल."

यावर अत्तै बराच वेळ विहिरीत डोकावून बघत राहिल्या.

तहाप्रमाणे मी बॅग काढली. अप्पांनी काही विरोध केला नाही. नुसते पेपर उघडून बसले, आणि पेपर उलटा होता. बाहेरून एक्स्प्रेस धडधडत गेली तेव्हा त्यांनी न बघता मान डोलावली, वेळेत होती बहुतेक. मी बॅग परत माळ्यावर टाकली. नवा तह असा: दर शनिवारी मी स्वतः येणार, निलाला घेऊन, आणि पायांपासून तपासणार.

अडॅप्टर मी नंतर स्पिरिट आणि दात घासायच्या जुन्या ब्रशने साफ केला. अजून उत्तम चालतो, जरा पिवळसर दिसतो, लावताना वास येतो. मंचावर मी तसं लिहिलं, तर एकाने चंदन वीजवाहक असतं का असा प्रश्न टाकला आणि तिथे अजून मारामारी चालू आहे. कदिरला सांगून एक बदल मात्र करून घेतला: संबंध तुटला की चौकोन आता लाल होतो. दिवसातून बऱ्याचदा होतो. झाला की मी फोन करते, आणि अप्पा 'जेवलो, जेवलो' म्हणून आधीच सांगतात. डक्टमधल्या केबलचा ठराव मामांच्या एकमेव विरोधी मताविरुद्ध मंजूर झाला.

आता एक अडचण आहे. येत्या शनिवारी निलाची लस आहे आणि मला जाता येणार नाही. तुमच्यापैकी कुणी चेंगलपट्टूला उतरणार असाल, तर स्टेशनबाहेर तळ्याच्या बाजूला वळा. हिरवं फाटक, वेताची खुर्ची. मी पाठवलं म्हणू नका. विळुप्पुरमची गाडी किती वाजता आहे, एवढं विचारा. ते तुम्हाला बसवूनच घेतील. ते बोलत असताना डाव्या पायाकडे बघा, पट्टी बांधलेली आहे का. आणि 'जेवलो' म्हणाले तर पाणी मागायच्या निमित्ताने आत जा आणि भाताच्या पातेल्याचं झाकण उचला.